कॅमेरा चालू ठेवला की झाला सिनेमा?

फिलिपिनो प्रायोगिक सिनेमाची 'पोल खोलणारा' तो लांबलचक फॉरवर्ड आता आमच्या फिल्म क्लबच्या पोरांपर्यंत पोचलाय. तो वाचून एकजण संकलन शिकणंच सोडायच्या बेतात आहे, म्हणून त्यातले दावे एकेक करून तपासायचा हा खटाटोप.

'2005 मध्ये डिजिटल आलं आणि हा सिनेमा जन्मला.' साफ खोटं. फिलिपिनो दिग्दर्शक निक देओकाम्पो यांचं 'शॉर्ट फिल्म : इमर्जन्स ऑफ अ न्यू फिलिपीन सिनेमा' हे पुस्तकच 1985 चं आहे. बाळ जन्मायच्या वीस वर्षं आधी त्याचं चरित्र छापून आलं म्हणायचं का? तिथलेच प्रायोगिक दिग्दर्शक किदलात ताहिमिक यांना बर्लिन महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला तो 1977 मध्ये. 2005 मध्ये सुरू झाला तो सिनेमालाया, फिलिपीन्समधला स्वतंत्र सिनेमांचा महोत्सव. त्याच्या अनुदानानं आणि डिजिटलच्या स्वस्ताईनं वाट सोपी झाली, एवढं कबूल.

'कॅमेरा लावायचा आणि विसरायचं, यांना कापाकापी लागतच नाही.' सगळ्यात घातक थाप ही. ऐंशीच्या दशकात दिग्दर्शक रेमंड रेड आणि खुद्द देओकाम्पो सुपर एटवर, म्हणजे 8 मिमी रुंदीच्या छोट्या फिल्मवर काम करत होते. सुपर एटचं कार्ट्रिज, म्हणजे कॅमेऱ्यात बसवायची फिल्मची डबी, 50 फुटांचं, फुटाला 72 फ्रेम. म्हणजे सेकंदाला 18 फ्रेमच्या वेगानं 3 मिनिटं 20 सेकंद, 24 च्या वेगानं अडीच मिनिटं. विसरणार किती वेळ? एक फ्रेम फिल्मवर जेमतेम सव्वाचार मिलिमीटर जागा घेते. ती स्प्लायसरवर, म्हणजे फिल्म कापण्या-जोडण्याच्या यंत्रावर, कापायची आणि टेपनं जोडायची. त्यात आवाजाची पट्टी असलेल्या फिल्मवर आवाज चित्राच्या 18 फ्रेम पुढे असतो. नुसतं चित्र बघून कापलंत, तर नवा शॉट पडद्यावर आला तरी सेकंदभर मागच्याच शॉटचा आवाज येत राहतो आणि नव्याचा पहिला शब्द गायब. म्हणून प्रत्येक शॉटच्या दोन्ही टोकांना सेकंदभर शांतता शूटिंगच्या वेळीच ठेवावी लागते. शिवाय ही फिल्म बहुतेक रिव्हर्सल, म्हणजे धुतली की तिच्यावरच सरळ चित्र उमटतं, निगेटिव्ह नाहीच. प्रोजेक्टरवर चढते तीच मूळ प्रत, आणि गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या खाचेत, कचऱ्याचा कण अडकला की पडलेला उभा ओरखडा कायमचा.

राहिला लांबीचा मुद्दा, म्हणजे इतके लांब सिनेमे कापलेलेच नसणार हा. दिग्दर्शक लाव दियाझ यांचा 'हेले सा हिवागांग हापिस' 485 मिनिटांचा आहे, बरोबर. पण त्यांचाच 'एबोलुस्योन' वर्षानुवर्षं शूट झाला, 16 मिमीवर सुरू होऊन डिजिटलवर संपला. तो काय आपोआप जुळला?

'सरकारनं पोसलेला सिनेमा.' फिलिपीन्सचे हुकूमशहा मार्कोस यांच्या राजवटीत 1982 मध्ये 'एक्सपेरिमेंटल सिनेमा ऑफ द फिलिपीन्स' ही सरकारी संस्था निघाली, खरं आहे. तिनं काढले 'हिमाला' आणि 'ओरो, प्लाता, माता', दोन्ही पूर्ण लांबीचे कथापट. पहिल्यात तर नोरा औनोरसारखी सुपरस्टार. नावातल्या 'एक्सपेरिमेंटल'च्या पाटीवर जाऊ नका.

'परदेशी पुरस्कारांसाठी गरिबी विकतात.' काहीजण विकतात, नाही म्हणत नाही. पण हे ओळखायला फॉरवर्डची गरज नव्हती. 'आंग बाबाए सा सेप्टिक टँक' (2011) मध्ये ऑस्करची स्वप्नं बघत झोपडपट्टीवर पिक्चर काढायला निघालेल्या पोरांची यथेच्छ टर उडवली आहे. तो बनवला फिलिपिनोंनीच, आणि त्या वर्षी सिनेमालायात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं बक्षीसही त्यालाच मिळालं.