क्लीव्हलंडने म्हणे मित्रासाठी बापपण अंगावर घेतलं!

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड याची एक गोष्ट नेटवर सारखी फिरत असते, प्रामाणिकपणाचा धडा म्हणून. थोडक्यात अशी: १८८४ ला निवडणुकीला उभा असताना पेपरात आलं की ह्याला लग्नाशिवाय झालेला एक मुलगा आहे. खरं तर त्या बाईचे म्हणे तीन-चार जणांशी संबंध होते, बाकीचे सगळे संसारी, हा एकटाच सडाफटिंग, म्हणून मित्रांची अब्रू झाकायला ह्याने बापपण स्वतःच्या अंगावर घेतलं, मुलाचा खर्च केला, आणि बभ्रा झाल्यावर आपल्या माणसांना तार केली की काहीही करा पण खरं सांगा. लोक खूश, गडी थेट व्हाइट हाउसमध्ये.

गोष्ट ऐकायला छान आहे आणि त्यातलं थोडंफार खरंही आहे, पण एकेक वाक्य घेऊन बसलं की प्रकरण वेगळंच दिसायला लागतं.

सुरुवात "ती बाई तसलीच होती" पासून करू, कारण बाकी सगळी गोष्ट ह्याच एका वाक्यावर उभी आहे. बाईचं नाव मारिया हॅल्पिन. मूळची पेनसिल्व्हेनियाची, विधवा, पदरात दोन मुलं, १८७० नंतर न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात आली आणि फ्लिंट अँड केंट नावाच्या कापडाच्या मोठ्या दुकानात नोकरीला लागली. चर्चला जाणारी, चारचौघांत मान असलेली बाई. मग ती "तसली" कधी झाली? तर १८८४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे मूल झाल्यावर दहा वर्षांनी, जेव्हा क्लीव्हलंडच्या मित्रांना प्रचारात उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा. दारू पिते, अनेकांशी संबंध, हे सगळं त्याच्या गोटातून आलेलं आहे. त्या तीन-चार जणांपैकी एकानेही पुढे येऊन "हो, माझे संबंध होते" असं सांगितल्याचं कुठे सापडत नाही. पण एकदा छापून आलं ना, की पुढच्या चरित्रकारांनी तेच उचललं, १९३० च्या दशकातल्या एका गाजलेल्या चरित्राने तर त्याला पक्कं बसवलं, आणि आपण आज तेच वाचतोय.

आता "खरा बाप ऑस्कर फॉलसम". हा क्लीव्हलंडचा जिवलग मित्र आणि वकिलीतला भागीदार, बायको-मुलगी असलेला. १४ सप्टेंबर १८७४ ला मुलगा झाला आणि नाव ठेवलं ऑस्कर फॉलसम क्लीव्हलंड. घ्या, दोघांची नावं एकाच पोराला! इथेच लोकांचं डोकं चालायला लागतं की नक्कीच काहीतरी गडबड आहे. असेलही, पण जिवलग मित्राचं नाव मुलाला देणं ह्यात तेव्हाच्या अमेरिकेत काहीच वेगळं नव्हतं, नुसत्या नावावरून बाप ठरत नाही. आणि सोयीची गोष्ट बघा, फॉलसम १८७५ मध्येच घोडागाडीच्या अपघातात गेला, म्हणजे १८८४ मध्ये त्याच्यावर काहीही ढकला, उत्तर द्यायला माणूस नाही.

सगळ्यात गंमत म्हणजे खुद्द क्लीव्हलंडला ही मित्राला वाचवल्याची थिअरी आवडली नव्हती. ऑगस्ट १८८४ मध्ये बफेलोच्या एका पेपरवाल्याने, तोही ह्याच्याच बाजूचा, असं सुचवायला सुरुवात केली की क्लीव्हलंड मेलेल्या मित्रासाठी गप्प आहे. क्लीव्हलंडने आपला सेक्रेटरी डॅनियल लॅमाँट याला पत्र लिहिलं, त्याचा मतलब असा की हा माणूस वेडा झालाय का, माझ्या फायद्यासाठी मी माझ्या मेलेल्या मित्राच्या नावाला बट्टा लागू देईन का. मधेच कंसात टाकलंय की हे खरं नाही, निदान गप्प राहण्याच्या कारणाबद्दल तरी. हा कंस जरा नीट वाचा! वकिलाचाच कंस आहे तो. फॉलसम बाप नाही असं तो लिहीत नाही, मीच बाप आहे असंही लिहीत नाही, फक्त एवढंच म्हणतो की मी त्याच्यासाठी गप्प नाहीये. म्हणजे ज्याच्या त्यागाची गोष्ट आपण फॉरवर्ड करतोय त्यानेच तो त्याग नाकारलाय.

(जाता जाता, हा मित्र गेल्यावर त्याच्या इस्टेटीचा कारभार कोर्टाने क्लीव्हलंडकडे दिला होता, आणि त्याच मित्राची मुलगी फ्रान्सिस, जिला बाळ असताना ह्याने बाबागाडी घेऊन दिली होती, तिच्याशी ह्याने जून १८८६ मध्ये व्हाइट हाउसात लग्न केलं. ती २१ ची, हा ४९ चा. त्या प्रामाणिकपणाच्या गोष्टीत हा भाग का कोण जाणे नसतो.)

आणि "जबाबदारी घेतली, मुलाला सांभाळलं" हे तर सगळ्यात कच्चं. बाप कोण हा वाद बाजूला ठेवा, १८७६ मध्ये काय झालं ते बघा. मूल आईकडून काढून अनाथाश्रमात ठेवलं गेलं, त्याचे आठवड्याला पाच डॉलर क्लीव्हलंड भरत होता. आई जिवंत, त्याच शहरात, आणि मूल अनाथाश्रमात! बरं हे सगळं केलं कोणी तर रॉसवेल बरोज नावाच्या, क्लीव्हलंडच्या ओळखीतल्या एका जजने. क्लीव्हलंड ह्याच जिल्ह्याचा १८७१ ते १८७३ शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुखच, होता हे लक्षात घ्या, म्हणजे पोलीस, कोर्ट, वकील सगळी घरचीच मंडळी. मारियाने मुलाला तिथून परत आणलं, तर तिलाच जबरदस्तीने उचलून प्रॉव्हिडन्स नावाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकलं. तिथल्या डॉक्टरने नंतर १८८४ मध्ये पेपरवाल्यांना सांगितलं की बाई प्यायलेली होती पण वेडी अजिबात नव्हती, आणि तिला आणताना कायदेशीर कागद वगैरे काही नव्हतं. थोड्या दिवसांत ती सुटली. तिने वकील गाठला, पण केस उभी राहिली नाही, पाचशे डॉलरवर मिटवामिटवी झाली आणि मूल बफेलोतल्याच एका बऱ्या घरात दत्तक गेलं. ती दारू पीत होती का, ह्यावर हवा तेवढा वाद घाला, तरी कागदाशिवाय वेड्यांच्या इस्पितळात टाकणं ह्याला जबाबदारी घेणं म्हणत नाहीत, तोंड बंद करणं म्हणतात.

ती तार मात्र खरी आहे. २१ जुलै १८८४ ला बफेलोच्या इव्हिनिंग टेलिग्राफने भानगड छापली, जॉर्ज बॉल नावाच्या बॅप्टिस्ट पाद्र्याने ती लावून धरली, आणि क्लीव्हलंडने चार्ल्स गुडइअर ह्या मित्राला कळवलं की खरं सांगा. वाक्य भारीच आहे. पण मग खरं म्हणून काय सांगितलं गेलं? की बाई वाईट चालीची आणि आमचा माणूस दिलदार. वेड्यांच्या इस्पितळाचं काय झालं हे त्या "खऱ्या"त कुठे बसवलं? सप्टेंबरात 'जज' नावाच्या साप्ताहिकात फ्रँक बिअर्डचं कार्टून आलं, आईने तोंड लपवलंय, कडेवरचं पोर हात पसरून बापासाठी भोकाड पसरतंय आणि क्लीव्हलंड वैतागलाय. विरोधकांनाही त्या बाईचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना रडणारं पोर हवं होतं.

काही जण म्हणतात, एवढं होतं तर ती स्वतः का बोलली नाही? बोलली की! २८ ऑक्टोबर १८८४ च्या प्रतिज्ञापत्रात तिने स्पष्ट सांगितलंय की मुलाच्या बापाबद्दल कधीच शंका नव्हती आणि फॉलसमचं नाव जोडणं हा निव्वळ नीचपणा आहे. दुसऱ्या प्रतिज्ञापत्रात तर त्याहून गंभीर, डिसेंबर १८७३ मध्ये क्लीव्हलंडने आपल्यावर संमतीशिवाय, बळजबरी केली असा सरळ आरोप आहे. आता हे मतदानाच्या आठवडाभर आधी आलं आणि फायदा ब्लेनच्या, म्हणजे समोरच्या रिपब्लिकन उमेदवाराच्या, पार्टीचा होता, त्यामुळे संशयाने बघायचं तर बघा, मीही डोळे झाकून घेत नाही. पण मग तोच नियम क्लीव्हलंडच्या मित्रांनाही लावा ना. त्यांची ऐकीव गोष्ट खरी आणि तिचं शपथेवरचं म्हणणं राजकारण, हे कुठलं गणित? माझ्या मते बाप क्लीव्हलंडच असण्याची शक्यता जास्त, पुरावा मात्र नाही, आणि फॉलसमच्या बाजूने तर त्याहून नाही.

राहता राहिलं "लोकांनी प्रामाणिकपणाला मत दिलं". न्यूयॉर्क राज्य क्लीव्हलंडला अकरा लाखांवर मतांत जेमतेम हजारभर मतांनी मिळालं आणि तिथेच निवडणूक फिरली. त्याआधी २९ ऑक्टोबरला ब्लेनच्या समोर बर्चर्ड नावाच्या पाद्र्याने डेमोक्रॅट (क्लीव्हलंडची पार्टी) म्हणजे दारू, रोमन कॅथलिक धर्म आणि बंडखोरी असं काहीतरी बोलून आयरिश कॅथलिक मतदार भडकवले होते, शिवाय ब्लेनच्या लाचखोरीला कंटाळून त्याच्याच पार्टीतले बरेच जण फुटले होते. हजार मतं कशाने फिरली हे कोण सांगणार! आणि लोक म्हणजे पुरुष हं. आपल्या आनंदीबाई जोशी तेव्हा फिलाडेल्फियात डॉक्टरकी शिकत होत्या, त्यांच्या कॉलेजातल्या एकाही अमेरिकन बाईला ह्या निवडणुकीत मत नव्हतं. बेल्व्हा लॉकवुड नावाची वकीलबाई तर त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला उभी होती, तिला पुरुषांची काही हजार मतं पडली, स्वतःचं एक टाकता आलं नाही.