कॉलेजजवळची विहीर कोण मोजणार?

जून उजाडला की आमच्याकडच्या कॉलेजांना पर्यावरणाची लगीनघाई होते. पाच तारखेला वृक्षारोपण, त्याआधी बॅनर, त्यानंतर पेपरात फोटो. रोप एक आणि त्याला हात लावायला बारा जण. रत्नागिरी जिल्ह्यात एका कॉलेजच्या दारात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, त्यामुळे हे बॅनर माझ्याकडेच होतात. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, साल बदलायचं, प्रमुख पाहुणे बदलायचे. खरं तर मी कुरकुर करू नये, चार पैसे सुटतात. पण हल्ली जो तो ‘शाश्वत विकासात विद्यापीठांची भूमिका’ यावर सेमिनार घेतोय (सर्टिफिकिटं छापायला येतात म्हणून कळतं), आणि त्या भूमिकेचा बराचसा कागद माझ्या हातातून जातो. म्हणून लिहितोय. लांबलंय, सवडीनं वाचा.

आधी अभ्यासक्रमाची बाजू घेतो, कारण सगळे त्यालाच झोडपतात. पर्यावरण अभ्यास कॉलेजात सहजासहजी आला नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, विद्यापीठांमध्ये हा विषय आणा. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) सहा महिन्यांचा, पन्नास तासांचा अभ्यासक्रम यायला २००३ साल उजाडलं. आर्ट्स असो, कॉमर्स असो, कोणालाच तो सुटला नाही. त्यातलं शेवटचं युनिट काढून वाचा. आपल्या भागातली नदी, रान, माळ किंवा डोंगर बघा आणि नोंदवा. जवळची एखादी प्रदूषित जागा बघा. नेहमीची झाडं, किडे, पक्षी ओळखा. तळं, ओढा, डोंगरउतार अभ्यासा. याला शंभरातले २५ मार्क. म्हणजे कागदावर सगळं ठीक होतं. ‘आपल्या भागातली’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

आता पेनड्राइव्हमधून काय येतं ते सांगतो. गंगेचं प्रदूषण. दिल्लीतला धूर. बर्फाच्या तुकड्यावर उभं एकटं अस्वल. ते अस्वल मी इतक्यांदा रंगीत छापलंय की रस्त्यात भेटलं तर ओळख देईल. कॉलेजच्या कंपाउंडला लागून एक पऱ्या (ओढा) वाहतो, त्यात बाजारातलं सांडपाणी येऊन मिळतं, पावसाळा सरला की नाक धरून जावं लागतं. त्या पऱ्याचं नाव मी आजवर एकाही प्रोजेक्टमध्ये टाइप केलेलं नाही. मुलांना दोष देत नाही. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी दुकानात तीस जणांची रांग असते आणि गेल्या वर्षीच्या मुलाचा प्रोजेक्ट फक्त पहिलं पान बदलून चालतो, हे त्यांना माहीत असतं. सरांनाही माहीत असतं. मार्क मिळाले की गठ्ठा कपाटात जातो आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, भेट उरकली की रद्दीत. एकदा वडापावच्या कागदावर मला माझीच छपाई परत मिळाली होती, ‘जलसंधारण: काळाची गरज’.

नॅकचं नाव निघालंच आहे. त्यांच्या सातव्या निकषात पर्यावरणाबद्दल विचारतात: सौर ऊर्जा, एलईडी दिवे, कचऱ्याची व्यवस्था, पावसाचं पाणी, ग्रीन ऑडिट. विचारतात हे चांगलंच. सोलर पॅनेलनं वीजबिल कमी होतं, त्याची मी टिंगल करणार नाही. पण विचारलं तेवढंच करायचं आणि केल्याचा फोटो ठेवायचा, अशी सवय लागली की काय होतं, ते आमच्याकडे बघायला या. ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’चा सुबक बोर्ड आहे, आणि एप्रिलमध्ये त्याच बोर्डाशेजारी टँकर उभा राहतो. अंगणात सगळीकडे पेव्हर ब्लॉक, का तर परिसर ‘स्वच्छ व सुंदर’ दिसतो.

हिशेब करून बघा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या छपरावर तो पडला तर ३० लाख लिटर पाणी होतं. एवढं पाणी साठवायची टाकी कोणाला परवडणार? म्हणून खड्डे करून जमिनीत मुरवायचं म्हणतात. पण खाली जांभा, आमच्याकडचा लाल सच्छिद्र दगड. तो पाणी भराभर पितो, पाणी तळाच्या चिकण मातीपर्यंत उतरतं आणि त्या थरावरून सरकत डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं. म्हणजे तुम्ही सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) मुरवलेलं पाणी खालच्या वाडीला दिवाळीनंतर किती दिवस मिळालं, की आठ-पंधरा दिवसांत समुद्राला गेलं, हे ठिकाणाठिकाणावर अवलंबून. घाटावरच्या पुस्तकातली आकृती इथे चालेलच असं नाही. मोजल्याशिवाय कळणार नाही. मोजतं कोण?

(सड्याचं निघालं म्हणून एक. आमचे सडे ‘ओसाड’ नाहीत. श्रावणात वर जाऊन बघा, इंचभर मातीत फुलांचा नुसता गालिचा असतो. तिथे सुरुंग लावून खड्डे करायचे आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून वृक्षारोपण म्हणायचं, याला माझ्याकडे शब्द नाही.)

विद्यापीठानं काही केलंच नाही, असं मात्र कोकणातल्या माणसानं म्हणू नये. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला सुरू झालं. त्याच्या पुढच्याच महिन्यात स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणावरची पहिली मोठी परिषद भरली. योगायोगच, दापोलीत कोणी त्या परिषदेकडे बघून काम केलेलं नाही. त्यांच्यासमोर प्रश्न इथले होते. खाडीचा बांध फुटून मळ्यात खारं पाणी शिरलं तर काय पेरायचं? पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पनवेल-१, २, ३ हे खारवट जमिनीत तगणारे भात काढले. समुद्र चढत चाललाय असं आता सगळं जग म्हणतं, तर त्या वाणांची किंमत आज जास्त कळते. वेंगुर्ल्याच्या केंद्राचे काजू घरोघरी आहेत. नर्सरीत जाऊन कोणीही ‘वेंगुर्ला चार द्या, सात द्या’ असं म्हणतो, आणि त्यात विद्यापीठाचा काही संबंध आहे हे त्याच्या गावीही नसतं. पऱ्यावर दगड रचून आत प्लास्टिक अंथरायचा कोकण विजय बंधारासुद्धा दापोलीचाच.

पण मला सगळ्यात आवडते ती डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री भातशेती. भाताचा तूस जाळून राख रोपवाटिकेत, पेंढा परत शेतात, हे एक. गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, हे दुसरं. तिसरं म्हणजे दोरीवर खुणा करून लावणी, एकदा २५ सेंटिमीटर, एकदा १५, चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) दोन-तीनच रोपं. आणि चौथं, जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची. युरिया वरून फेकला तर आषाढातला पाऊस त्यातला बराचसा व्हाळात नेऊन टाकतो. गोळी खाली बसते आणि मुळं ती हळूहळू खातात. खत कमी लागतं आणि व्हाळाचं पाणीही बिघडत नाही. यात ‘सस्टेनेबल’ हा शब्द कुठेही नाही. अडचण एकच, चिखलात वाकून अंगठ्यानं गोळ्या दाबताना कंबरेचे काटे ढिले होतात. आमच्या वाडीतल्या बायकांनी दोन हंगाम केलं आणि सांगितलं, पीक चांगलं येतं पण आता दाबायला तुम्ही या. त्यावर पुरुष मंडळी गप्प. विद्यापीठानं पुढचं संशोधन यावर करावं, मी जाहीर मागणी करतो.

शेतकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं गावात राहायला येतात, ‘रावे’ म्हणतात त्याला. कृषीदूत आणि कृषीकन्या. यांचेही बॅनर माझ्याकडेच. फोटोची हौस त्यांनाही कमी नाही, पण त्यांना निदान गावात यावं लागतं. मागे एका मुलीनं आमच्या पोफळीच्या आगरात कोळेरोगासाठी बोर्डो (बुरशीवर फवारायचं मिश्रण) करून दाखवलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण झाल्यावर तिनं आमचाच विळा मागून आत बुडवला. वर काढला तर पात्यावर तांबूस पुट. म्हणाली, ‘काका, अजून चुना पाहिजे, नाहीतर पाला जळेल.’ आमचे आप्पा जन्मभर अंदाजानं चुना घालत आले, तेही दोन पावलं पुढे येऊन बघायला लागले. हे शिक्षण. शेतकीच्या मुलाला मिळतं, मग बी.कॉम.च्या मुलानं काय घोडं मारलंय?

तर माझं म्हणणं एवढंच आहे. कॉलेजनं पृथ्वी वाचवायला जाऊ नये. आपल्या दारापासून दहा किलोमीटरच्या आतलं पाणी मोजावं आणि मोजतच राहावं. दरवर्षी नवा विषय नको, तोच विषय. समजा बारा विहिरी धरल्या, वेगवेगळ्या वाड्यांतल्या, एक कॉलेजची. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सकाळी पंप सुरू व्हायच्या आत, टेपला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. विहिरीला दोन मिनिटं. शेजारी पर्जन्यमापक. भूजल खात्याच्या निरीक्षण विहिरी असतात, पण त्या काही दर वाडीला नाहीत. भूगोलवाल्यांनी नकाशा करावा, कॉमर्सवाल्यांनी टँकरचा खर्च मांडावा, केमिस्ट्रीवाल्यांनी मार्च-एप्रिलमध्ये खाडीकाठच्या विहिरींचा खारटपणा तपासावा. मराठीच्या मुलांनी म्हाताऱ्यांकडे बसून पाणवठ्यांची नावं आणि कुठला झरा कधी आटला ते लिहून घ्यावं. तोच पंचवीस मार्कांचा प्रोजेक्ट, तेच कॉलेजचं संशोधन आणि तेच नॅकला दाखवायचं. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहेत, तेव्हा वेळ नाही ही सबबही गेली.

‘यात संशोधन कसलं, टेप तर सोडायचा’ असं एका प्राध्यापकांनी मला दुकानातच ऐकवलं. मग त्यांना चार्ल्स कीलिंगचं सांगितलं. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेचा, म्हणजे विद्यापीठाचाच माणूस. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला लागला. रोज, त्याच जागी, त्याच पद्धतीनं. पैसे देणारे कंटाळले, १९६४ मध्ये निधीअभावी काही काळ खंडही पडला. तरी त्यानं सोडलं नाही, पुढे मुलगा राल्फ यानं चालू ठेवलं. दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास असलेला आकडा ४२० च्या वर गेला, हे आज शाळेतलं पोरही सांगतं, ते या कंटाळवाण्या नोंदींमुळे. एका वर्षाचा प्रोजेक्ट करून थांबला असता तर कोणाला काय कळलं असतं? सर म्हणाले, ‘तुम्ही फार वाचता.’ दुकानात गिऱ्हाईक नसलं की दुसरं काय करणार.

आणि आपल्याला याची गरज नाही असं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. नंतर पूररेषेवरून केवढा वाद झाला. पाणी २००५ ला कुठपर्यंत होतं, २०२१ ला कुठपर्यंत, गाळ किती चढला, प्रत्येकाचं बोट भिंतीवर वेगळ्या जागी. अशा वेळी कॉलेजच्या वहीत वीस वर्षांच्या खुणा तारखेनिशी असत्या तर निदान भांडण आकड्यांवर झालं असतं.

एक शंका मला सगळे काढून दाखवतात, आणि ती रास्त आहे. मुलं विहिरीवर जाणारच नाहीत, कट्ट्यावर बसून आकडे भरतील. भरतील ना, का नाही भरणार. पण गंगेवरचा उतरवलेला प्रोजेक्ट पकडता येत नाही, विहिरीचा खोटा आकडा पकडता येतो. शेजारच्या विहिरीशी ताडून बघा, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी बघा. पाऊस नसताना मार्चमध्ये पाणी दोन फूट वर आलेलं दिसलं तर आधी त्या मुलाला बोलावून टेप कुठे सोडला होतास ते विचारा. खरंच सोडला असेल, तर मग त्यालाच वरच्या वाडीत पाठवा, यंदा पऱ्यावर बंधारा कोणी घातला ते बघून ये म्हणावं.