‘क्लाउड नाही’ म्हणजे फुटेज घरातच राहतं?

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: “व्हिडिओ डोअरबेल मेमरी कार्डवालीच घ्या, क्लाउड नको. फुटेज घराबाहेर जात नाही. पासवर्ड तगडा ठेवला की कुणी बघू शकत नाही. आणि दार आपलं, तेव्हा शेजाऱ्यांनी बोलायचं कारण नाही.” यात दर महिन्याचे पैसे वाचतात, एवढंच बिनशर्त मान्य.

‘फुटेज बाहेर जात नाही.’ मग ऑफिसात बसून दारातला कुरिअरवाला दिसतो कसा? साठवणं वेगळं, लांबून बघणं वेगळं. बहुतेक ॲपमध्ये फोन आणि बेल यांची गाठ कंपनीचा सर्व्हर घालून देतो. थेट जोडणी जमली नाही तर व्हिडिओही त्याच्यामार्फतच येतो. शिवाय नोटिफिकेशनमधला तो माणसाचा छोटा फोटो. नोव्हेंबर 2022मध्ये पॉल मूर या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की, सगळं घरातच राहतं असं सांगणाऱ्या युफी या कंपनीच्या डोअरबेलमधून असे फोटो ॲमेझॉनच्या क्लाउडवर चढत होते. पाठोपाठ ‘द व्हर्ज’ या तंत्रज्ञानविषयक वेबसाइटने युफीच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र साध्या व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडून दाखवलं. आधी कानावर हात ठेवणाऱ्या कंपनीने जानेवारी 2023मध्ये मान्य केलं की, वेब पोर्टलवरचं ते चित्र एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं, नव्हतं. खोक्यावर ‘लोकल स्टोरेज’ छापलेलं होतंच!

म्हणून घेतल्यावर एक करून बघा. राउटरमधून फक्त बेलचं इंटरनेट बंद करा, वाय-फाय राहू द्या. घरातल्या फोनवरही चित्र यायचं थांबलं, तर ती बेल कंपनीला विचारल्याशिवाय हलत नाही असं समजा. आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ (कंपनीच्या ॲपशिवाय कॅमेऱ्याचं चित्र घेण्याच्या खुल्या पद्धती) चालणारी बेल घरातल्याच रेकॉर्डरला जोडता येते आणि बाहेरून वायरगार्डसारख्या व्हीपीएनने, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या खासगी बोगद्यातून, बघता येते. खटपट आहे, पण एकदाच. पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे राउटरमधून बेलपर्यंत थेट इंटरनेटला दार उघडून देण्याच्या, वाटेला मात्र जाऊ नका.

(आणि कार्ड बेलमध्येच, बेल दाराबाहेर. उचकटून नेणाऱ्याला पुरावाही फुकट.)

‘पासवर्ड तगडा.’ हवाच, टू-फॅक्टरही (पासवर्डशिवाय आणखी एक कोड) हवं. पण पासवर्ड बाहेरच्या चोराला अडवतो, कंपनीतल्या माणसाला नाही. कर्मचारी आणि कंत्राटदार ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघू शकत होते, या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023मध्ये रिंग या डोअरबेल कंपनीला धरलं. प्रकरण 58 लाख डॉलरवर मिटलं. त्याला उतारा एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा: व्हिडिओची किल्ली फक्त तुमच्या फोनवर, कंपनीकडे नाही. रिंगने ते 2021मध्ये आणलं, पण आपण चालू करावं लागतं, आणि केलं की काही सोयी जातात. माझ्या मते जाऊ द्याव्यात.

‘शेजाऱ्यांचा काय संबंध?’ फ्लॅटच्या पॅसेजमध्ये समोरचं दार तुमच्या बेलच्या नजरेसमोरच असतं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या कोर्टात 2021मध्ये एका शेजारणीने रिंगच्या डोअरबेल-कॅमेऱ्यांविरुद्धचा दावा जिंकला. न्यायाधीशांना सर्वांत जास्त खटकलं ते लांबवरचं बोलणं टिपणं. तेव्हा ऑडिओ रेकॉर्डिंग बंद ठेवा आणि प्रायव्हसी झोन लावून समोरचं दार झाका. ज्या मॉडेलमध्ये या दोन सोयी नाहीत, ते दुकानातच राहू द्या.