‘झाडाचीच तर पानं आहेत, बिनधास्त घेऊन जा’: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

प्रवासाला निघालेल्यांसाठी एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: क्रॅटम म्हणजे झाडाची पानं, अंमली पदार्थ नव्हे. अमेरिकेत ती उघड दुकानात मिळतात, थायलंडनेही बंदी उठवली आहे. पावडर 350 ग्रॅमच्या आत ठेवा, लॅबचं प्रमाणपत्र सोबत असू द्या. विमान बदलताना विमानतळाबाहेर पडला नाहीत तर मधल्या देशाचा कायदा लागत नाही. आणि अडवलंच कुणी, तर पाकीट काढून घेतील, एवढंच.

सूर इतका निर्धास्त आहे की वाचणारा पुढे काही तपासायच्या भानगडीतच पडत नाही. म्हणून एकेक दावा घेतो.

‘पानं आहेत, अंमली पदार्थ नव्हे.’

पानं आहेत हे खरं. कॉफीच्याच कुळातलं, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया या पट्ट्यात वाढणारं हे झाड. शास्त्रीय नाव मित्रागायना स्पेसिओसा. दक्षिण थायलंड आणि उत्तर मलेशियातले कष्टकरी थकवा घालवायला ही पानं पिढ्यानपिढ्या चघळत आले आहेत. पण अफू, गांजा आणि कोका यांनाही मुळं आणि पानं असतातच. कायदा बघतो तो आतल्या रसायनाकडे. क्रॅटममधली मित्रागायनिन आणि 7-हायड्रॉक्सीमित्रागायनिन ही द्रव्यं, मेंदूत मॉर्फिन ज्या ठिकाणी जाऊन काम करतं, तिथेच जाऊन काम करतात. सिंगापूरच्या अंमली पदार्थ कायद्यात ही दोन्ही ‘अ’ वर्गात आहेत, म्हणजे हेरॉइनच्या पंक्तीला. ऑस्ट्रेलियात ती अनुसूची 9 मध्ये, निषिद्ध पदार्थांत येतात. मलेशियात 1952 च्या विषद्रव्य कायद्याखाली येतात. जपान, पोलंड, स्वीडन, डेन्मार्क, आयर्लंड इथेही ती नियंत्रित किंवा बेकायदा आहेत.

ब्रिटनची गोष्ट जरा निराळी आणि फसवी आहे. तिथल्या 2016 च्या सायकोॲक्टिव्ह सबस्टन्सेस ॲक्टमध्ये, म्हणजे मेंदूवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्यात, क्रॅटमचं नाव शोधलंत तर सापडणार नाही, आणि असा पदार्थ नुसता जवळ असणं हा तुरुंगाबाहेर एरवी गुन्हाही नाही. पण तो देशात आणणं हा गुन्हा आहे, अगदी स्वतःपुरता आणला तरी. प्रवाशाच्या बॅगेतून येतो तेव्हा तो ‘आणलेला’च असतो. ‘तिकडे माझा मित्र घेतो, त्याला काही झालं नाही’ हा अनुभव सीमेवर उभ्या असलेल्या माणसाच्या कामाचा का नाही, ते यावरून कळावं.

याच दाव्याला जोडून कधीकधी ‘जागतिक आरोग्य संघटनेने क्लीन चिट दिली’ असंही सांगतात. 2021 मध्ये संघटनेच्या तज्ज्ञ समितीने प्राथमिक आढावा घेतला आणि पुढच्या सखोल आढाव्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, क्रॅटमवर नुसती नजर ठेवावी, असं म्हटलं. आंतरराष्ट्रीय नियंत्रण नाही एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक देश आपल्यापुरता नियम करायला मोकळा आहेच, आणि अनेकांनी तो केला आहे.

‘अमेरिकेत उघड मिळतं.’

अमेरिकेत कुठे? केंद्रीय पातळीवर क्रॅटम नियंत्रित पदार्थांच्या यादीत नाही, हे बरोबर. ऑगस्ट 2016 मध्ये तिथल्या अंमली पदार्थविरोधी खात्याने ते सर्वांत कडक यादीत टाकण्याचा इरादा जाहीर केला आणि लोकांचा विरोध पाहून ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. पण अलाबामा, आर्कान्सा, इंडियाना, व्हरमाँट, विस्कॉन्सिन या राज्यांनी आपापली बंदी घातली. ऑगस्ट 2025 पासून लुइझियानाही त्यांच्यात गेलं. जिथे राज्याची बंदी नाही तिथे शहराची किंवा काउंटीची असू शकते. कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो आणि फ्लोरिडातली सॅरासोटा काउंटी ही त्याची उदाहरणं.

नकाशा उघडून बघा. फ्लोरिडाच्या वायव्य टोकाकडून मिसिसिपीला गाडीने निघालात की हमरस्ता मधला तासभर अलाबामातून जातो. निघालात तिथे जे किराणासारखं विकत घेतलं, ते त्या तासाभरासाठी हेरॉइनच्या रांगेतलं नियंत्रित द्रव्य होतं. विमानाने गेलात तर ही अडचण उतरण्याच्या ठिकाणी येते. विमानतळावरचे सुरक्षा कर्मचारी मुळात अंमली पदार्थ शोधत नसतात. पण तपासणीत बेकायदा वाटणारं काही दिसलं, तर ते पोलिसांना बोलावतात.

शिवाय तिथलं अन्न व औषध प्रशासन क्रॅटमला कायदेशीर पूरक आहार मानतच नाही, आणि बाहेरून येणारा माल अडवण्याची सूचना त्याने काढलेली आहे. म्हणजे दुकानात दिसतं म्हणून परदेशातून सोबत घेऊन उतरावं, हाही हिशेब चुकतो.

‘थायलंडने बंदी उठवली.’

उठवली, 24 ऑगस्ट 2021 रोजी. 1943 पासूनची बंदी जाऊन क्रॅटम अंमली पदार्थांच्या यादीतून बाहेर पडलं. मात्र 2022 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला. आयात-निर्यातीला परवाना लागतो, अठरा वर्षांखालच्यांना विक्री करता येत नाही. मुख्य म्हणजे थायलंडच्या दक्षिण सीमेपलीकडे मलेशिया आहे. तिथे या झाडाला केतुम म्हणतात आणि पकडलं गेल्यास दहा हजार रिंगिटपर्यंत दंड, चार वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दक्षिण थायलंडमधल्या हात याई शहरात बाजारात घेतलेली पुडी खिशात राहून गेली आणि बस सीमा ओलांडून गेली, एवढ्यावर हे प्रकरण उभं राहतं. विसरलो होतो, हे सांगायला तिथे फारसा वाव नाही.

इंडोनेशियाही पाहा. जगभर जाणारं बहुतेक क्रॅटम तिथून निघतं, पण तिथल्या अन्न-औषध संस्थेने 2016 मध्येच पूरक आहारात आणि पारंपरिक औषधांत ते वापरायला मनाई केली.

‘350 ग्रॅमपर्यंत पावडर चालते.’

हा आकडा कुठून आला ते कळतं, पण तो ग्रॅमचा नाही. जून 2018 पासून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत केबिन बॅगेतली पावडर 350 मिलिलिटरपेक्षा जास्त असेल, तर ती वेगळी काढून तपासतात. ही तपासणी स्फोटकांच्या भीतीपोटी आहे. टाल्कम पावडर आणि प्रोटीन पावडर यांनाही तोच नियम. पदार्थ कायदेशीर की बेकायदा, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

‘बाहेर पडला नाहीत तर मधला देश लागत नाही.’

या सगळ्या मजकुरातला सर्वांत घातक दावा हाच. इमिग्रेशनची रांग ओलांडली नाही म्हणजे आपण कुठल्याच देशात नाही, ही समजूत खूप जणांच्या मनात असते. ट्रान्झिटची बाकडीही त्या देशाच्याच जमिनीवर असतात. डिसेंबर 2002 मध्ये कंबोडियाहून ऑस्ट्रेलियाला निघालेला एक तरुण सिंगापूरच्या चांगी विमानतळावर विमान बदलत असताना हेरॉइनसह पकडला गेला. त्याला सिंगापुरात उतरायचंही नव्हतं. 2005 मध्ये त्याला फाशी झाली. क्रॅटमला तिथे फाशी नाही, तुलना शिक्षेची नाहीच; मुद्दा कायद्याच्या हद्दीचा आहे.

आणि आपण निवडलेला मार्गच कायम राहील, हेही धरून चालता येत नाही. पुढचं विमान रद्द झालं की तुम्हाला हॉटेलात पाठवतात, इमिग्रेशन पार करायला लावतात, बॅग हातात देतात. तिकिटावर ज्या देशाचं नाव फक्त तीन तासांसाठी होतं, त्याच्या कस्टम्ससमोर तुम्ही बॅगेसकट उभे असता.

‘लॅबचं प्रमाणपत्र ठेवा.’

प्रमाणपत्राचा उपयोग आहे, पण तो दुसरीकडे. 2018 मध्ये अमेरिकेत क्रॅटममधून साल्मोनेला या जंतूची लागण पसरली होती. 41 राज्यांत मिळून 199 रुग्ण नोंदले गेले. जंतू नाहीत, शिसं नाही, हे सांगणारा कागद घेणाऱ्याच्या पोटासाठी चांगला. पण ज्या देशात मित्रागायनिन निषिद्ध आहे तिथे ‘या पावडरीत इतकं मित्रागायनिन आहे’ असं सही-शिक्क्यासह लिहिलेला कागद अधिकाऱ्यासमोर ठेवणं म्हणजे त्याचं काम सोपं करून देणं.

काही जण उलटा सल्ला देतात: लेबल काढा, व्हिटॅमिनच्या डबीत भरा. यात चुकून घडलेल्या गोष्टीला लपवाछपवीचं रूप येतं, आणि जिथे माल कायदेशीर आहे तिथेही संशय ओढवतो. जे नेण्याची परवानगी आहे ते मूळ पॅकिंगमध्येच न्यावं आणि विचारल्यास सांगावं. वनस्पतिजन्य वस्तूंना तर बंदीशिवायही घोषणेची अट असते. न्यूझीलंडमध्ये अशी वस्तू न सांगता आणली, तर जागेवर 400 डॉलर दंड होतो.

‘फार तर जप्त करतील.’

काही ठिकाणी खरंच तेवढंच होतं. सिंगापुरात मात्र ‘अ’ वर्गातला पदार्थ जवळ बाळगल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि देशात आणल्यास किमान पाच वर्षं कैद व पाच फटके. ‘फार तर’ हा शब्द लिहिणाऱ्याने कुठला देश मनात धरला होता, ते सल्ल्यात सांगितलेलं नाही.

हीच गफलत इतर गोष्टींतही होते. हाँगकाँगने फेब्रुवारी 2023 पासून गांजाच्या झाडातलं सीबीडी हे द्रव्य घातक अंमली पदार्थांत टाकलं. खसखस सिंगापूर आणि अमिरातींमध्ये चालत नाही. झोपेसाठी घेतलं जाणारं मेलाटोनिन अमेरिकेत कुठल्याही दुकानात मिळतं, ब्रिटनमध्ये त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणून शोध ब्रँडच्या नावाने नव्हे तर रसायनाच्या आणि वनस्पतीच्या नावाने घ्यावा. सुटण्यापासून पोहोचण्यापर्यंत वाटेतल्या प्रत्येक देशाच्या कस्टम्सच्या किंवा औषध नियंत्रकाच्या अधिकृत पानावर, आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा. उत्तर स्पष्ट नसेल तर लेखी विचारावं. तरीही नसेल तर ती वस्तू घरी ठेवावी.

आणि जो रोज क्रॅटम घेतो, त्याच्यासाठी या सल्ल्यात एक अक्षरही नाही. अचानक थांबवलं तर अस्वस्थता, अंगदुखी, नाक गळणं, जुलाब आणि झोप उडणं हा त्रास अनेकांना होतो. परक्या शहरात, नेमका पहिल्या दोन-चार दिवसांत. त्या भीतीनेच माणूस पुडी बॅगेत टाकतो. अशाने प्रवास ठरताच डॉक्टरांना खरं काय ते सांगावं आणि मात्रा हळूहळू कमी करत आणावी. विमानात झोप लागावी म्हणून क्रॅटमवर दारू किंवा झोपेची गोळी घेणंही टाळावं, कारण ही मिसळ श्वास मंदावू शकते. शिवाय मित्रागायनिन यकृतातल्या काही विकरांचं काम रोखतं, त्यामुळे इतर औषधं शरीरात जास्त वेळ रेंगाळू शकतात. नियमित गोळ्या चालू असतील तर त्यांची यादीही त्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी.