स्कॅन झालं म्हणजे जपलं, असं नाही

कॅनडात अ‍ॅनिमेशनपट करणाऱ्या नॉर्मन मॅक्लारेनवरच्या माझ्या लेखाखाली एका निनावी वाचकांनी लिहिलंय: "रिळं जपायचा हट्ट हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. एकदा स्कॅन करा आणि रीळ भंगारात द्या. सगळं यूट्यूबवर आहेच. आणि परदेशी माणसासाठी पुण्यात कशाला गळा काढायचा?"

मतभेद जरूर असावा. पण मुद्दा मांडायला 'रिकामटेकडे' हा शब्द लागत नाही. नाव लपवलं की जीभ सैल सुटते, एवढंच त्यातून दिसतं.

यूट्यूबमुळे आज एखाद्या शाळकरी पोराला मॅक्लारेन फोनवर बघता येतो, हे तुमचं मान्य. चांगलंच आहे ते.

'एकदा स्कॅन करा' यावर मात्र बोलावंच लागेल. मॅक्लारेनने कित्येक फिल्म कॅमेऱ्याशिवाय केल्या. कोऱ्या फिल्मवर थेट रंग लावायचा, नाहीतर काळ्या फिल्मचं इमल्शन, म्हणजे चित्र उमटतं तो थर, टोकदार हत्याराने खरवडायचं. 'बिगॉन डल केअर' (1949) मध्ये जाझवादक ऑस्कर पीटरसनच्या पियानोबरोबर नाचतात ते ठिपके आणि ओरखडे हेच तिथलं चित्र आहे. आता स्कॅननंतर साफसफाई करणारं सॉफ्टवेअर काय करतं? मागची-पुढची फ्रेम ताडून बघतं, आणि एकाच फ्रेमपुरतं जे दिसेल ते धूळ समजून पुसतं. सेकंदाला 24 फ्रेम पळतात आणि हा माणूस एकेका फ्रेमसाठी वेगळा ठिपका काढतो. पुसलं ते धूळ होती की चित्र, हे उद्या कशावरून ठरवणार? रीळ तर तुम्ही भंगारात दिलंत. 'डॉट्स' (1940) मध्ये तर त्याने आवाजसुद्धा फिल्मच्या कडेच्या ध्वनिपट्टीवर हाताने काढलाय. नुसती चित्राची चौकट स्कॅन केली की ती पट्टी बाहेरच राहते.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. कॉलेजात असल्यापासून फिल्म सोसायटीसाठी 16 मिलिमीटरची रिळं या हातांनी गुंडाळलीत, रिवाइंडरवर फिल्म बोटांतून सोडत एकेक सांधा चाचपलाय. एका ठिकाणी, नाव घेत नाही, डबा उघडला तर शिरक्याचा भपकारा नाकात गेला, म्हणजे फिल्म सडायला लागलेली. फिल्म आक्रसलेली, भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसेनात. तिथल्या साहेबांचं उत्तर तुमच्यासारखंच होतं: "व्हिडिओ कॅसेटवर उतरवून ठेवलंय की!" त्या कॅसेटला बुरशी लागली. आज तिथे रीळही नाही आणि कॅसेटही नाही. तेव्हा कॅसेट म्हणजे कायमची सोय वाटत होती. आज तुम्हाला हार्ड डिस्क वाटते.

आणि 'परदेशी माणूस' म्हणता, तर अकबर पदमसींचं नाव ऐकलंय का? मुंबईचे चित्रकार. 1970 च्या आसपास त्यांनी रेषांची 'सिझिजी' ही अ‍ॅनिमेशनपट्टी केली, आणि 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' ही दुसरी प्रायोगिक फिल्म. दुसरीची एकुलती एक प्रिंट दिल्लीला प्रदर्शनासाठी गेली आणि हरवली. ती आता कुठल्या यूट्यूबवर दाखवता, सांगा.

बाकीच्या मजकुरात उत्तर देण्याजोगं काही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर नावानिशी लिहा, आणि त्याआधी एकदा तरी रीळ उजेडासमोर धरून बघा.