जाहिरात लेस्टरची, उलटा परिणाम

ब्रिटनमधल्या स्थलांतरितांच्या योगदानावरचा लेख वाचला. त्यांनी कर किती भरला आणि सरकारी मदत किती घेतली, एवढ्याच हिशोबावर तो थांबलाय. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराचं उदाहरण घ्यायला हवं होतं.

1972 साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे 28 हजार जण ब्रिटनमध्ये आले, बहुतेक गुजराती. चालती दुकानं, कारखाने मागे टाकून, खिशात जेमतेम पन्नासेक पौंड. त्याच वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: घरं नाहीत, शाळा भरल्यात, इकडे येऊ नका. ज्यांनी लेस्टरचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना ते कळलं, असं तिथले लोक आजही हसत सांगतात!

पुढे लेस्टरचा होजिअरीचा (मोजे, विणलेले कपडे) धंदा बसत गेला. बेलग्रेव्ह रोडवरची ओस दुकानं मात्र या मंडळींनी घेतली. साड्या, सोनं, फरसाण. दिवाळीला त्या रस्त्यावर हजारोंची गर्दी होते आणि रोषणाईला नगरपालिकाच पुढे असते.

सगळं गोडगोड नव्हतं, हेही लिहायला हवं. दुकानं थोड्यांची, बाकीचे कारखान्यात. 1974 मध्ये लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर्स या कारखान्यातल्या आशियाई कामगारांनी भेदभावाविरुद्ध संप केला, तर त्यांच्याच युनियनने पाठ फिरवली. माझ्या मते हा संपसुद्धा योगदानातच धरावा. तो कुठल्या रकान्यात मांडणार?

आणि युगांडा? हे लोक गेल्यावर तिथला साखरधंदा आणि व्यापार कोलमडला. पुढे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी याच लोकांना परत बोलावलं.