कुळागराचं फाटक शाळेच्या मुलांसाठी उघडं ठेवा

मागच्या पावसात आमच्या गावातल्या शाळेची पाचवीची मुलं आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी, माड, केळी, मिरी एकत्र वाढणाऱ्या बागेत आली होती, एका मुलाने पोफळीवर चढलेल्या मिरीच्या वेलाचं पान हातात धरून विचारलं, काका हे विड्याचं पान ना? चूक त्याची नाही, दोन्ही पानं दिसायला सारखीच, वेलही एकाच कुळातले. पण मला खूप लागलं ते. गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यात मसाल्याच्या बागा बघायला बसगाड्या भरून पर्यटक येतात, तिकीट काढतात, जायफळ, दालचिनी, मिरी हातात घेऊन फोटो काढतात. आणि इथून दहा मिनिटांवर राहणाऱ्या मुलाला मिरी वेलावर लागते हे ठाऊक नाही.

तेव्हापासून आम्ही ठरवलंय, एकच वर्ग, पण वर्षातनं तीनदा. एकदाच येऊन चिखलात नाचून, ज्यूस पिऊन, फोटो टाकून गेलेल्या सहलीतनं मुलाच्या हाताला काही लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली खेप पावसात, रोपं लावायला. दुसरी चतुर्थीच्या आधी, माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधतात त्यासाठी. ही सगळ्यात भारी. माझ्या आईने मुलांना घेऊन पूर्ण कुळागर पालथं घातलं, कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंग, सुपारीचं शिपटं, एकेक नाव सांगत. लालभडक कवंडाळ दिसलं की पोरं धावतात, तिने आधीच दम दिला की हे बांधायचं, खायचं नाही, विषारी असतं. माटोळीचं सामान आता बाजारात विकत मिळतं, मिळू दे, विकणाऱ्या बायकांचं पोट त्यावर आहे. पण ते रानात कुठे मिळतं हे सांगणारी माणसं आईच्या वयाची आहेत, आणि ती पिढी संपली की ही नावं कोण सांगणार?

तिसरी खेप जानेवारी-फेब्रुवारीत, मिरी काढणीला. मुलांनी तीन किलो हिरवी मिरी काट्यावर तोलली आणि शाळेच्या अंगणात वाळत घातली, बाईंनी रोज वजन लिहून घेतलं. काळी होईपर्यंत ती किलोभरच उरली. गणित, विज्ञान आणि बाजारभाव तिन्ही एकदम झाले, आणि मिरी महाग का हे मला सांगावंच लागलं नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांनी १० दिवस दप्तराविना शिकायचं म्हटलंय. गोव्यात त्यासाठी लांब कशाला जायचं, सखल भागात खाजन शेती आहे, म्हणजे खाडीकाठची बांध घालून केलेली शेती, बांध आहे, भरती-ओहोटीला उघडमीट होणारी मानस, म्हणजे पाण्याची झडप आहे. शिकवायला तिथलाच शेतकरी हवा.

आता जेवणाचं. आपल्याकडे शाळेतला माध्यान्ह आहार महिला बचत गट करतात, बहुतेक वेळा पाव-भाजी. आणि भाजी? चोर्ला घाटातनं बेळगावची. मी बेळगावच्या शेतकऱ्यावर नाराज नाही, त्याच्याशिवाय आपलं ताट रिकामंच राहील. पण हिवाळ्यात गावोगावी तांबडी भाजी, मुळा, नवलकोल असतो तेव्हा आठवड्यातनं दोन दिवस तरी तो शाळेत का जाऊ नये? आम्ही करून बघितलं, एकट्याला जमलं नाही कारण एक दिवस भाजी कमी पडली की पन्नास पोरांचं जेवण अडतं. चार घरांनी मिळून वार वाटून घेतले तेव्हा कुठे जमलं. दर आधी ठरवायचा, पैसे वेळेवर मिळायला हवेत, नाहीतर शेतकरी दुसऱ्या हंगामात येणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

एक गोष्ट मात्र शेतकऱ्यांनीही पाळायला हवी, मुलं म्हणजे फुकटची मजूर नव्हेत. मी पंधरापेक्षा जास्त मुलं एकावेळी घेत नाही, नारळ काढणारा पाडेली माडावर असेल त्या दिवशी तर एकालाही आत सोडत नाही.

आम्हाला यातनं काय मिळतं असं एका शेजाऱ्याने विचारलं. मुलांचे आईबाप आता नारळ, केळी थेट आमच्याकडून नेतात हे खरं. पण त्याहून मोठं वेगळंच आहे. त्या पाचवीच्या मुलाने वरच्या झरीचं पाणी पाटातनं कसं खाली येतं ते बघितलंय, स्वतःच्या हाताने पाट अडवून पोफळींना पाणी सोडलंय. उद्या तो ग्रामसभेत बसेल, जमिनीचा झोन बदलून वरचा डोंगर कापायचा विषय येईल तेव्हा खालच्या कुळागराचं काय होणार हे त्याला कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

पुढची खेप चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी ठेवतोय. तालुक्यातल्या अजून एका शाळेला सामावून घेता येईल, शिक्षकांनी इनबॉक्समध्ये लिहा. मुलांना गमबूट घालून पाठवा, दरडीकडची वाट शेवाळलीय.